तांब्याभर अतिवृष्टी

माझ्या मिरच्या वाळल्या. आठातल्या पाच गेल्या, अन् याला कारण दुष्काळ नाही, अप्पा आहेत.

जळगावचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला पाणी वाया गेलेलं बघवत नाही. म्हणून गच्चीवरच्या कुंड्यांसाठी मी दोन लिटरच्या बाटलीचा पर्जन्यमापक केला. वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवला, बुडाच्या खाचांत खडे, शून्याच्या रेघेपर्यंत पाणी, बाहेरून पट्टी चिकटवली, झालं. रोज सकाळी साडेआठला बघायचं, हवामान खात्याची वेळ तीच, जरा रुबाब वाटतो. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, म्हणजे फूटभर रुंद कुंडीत १० मिमीला पाऊण लिटरसुद्धा नाही, तेही वांग्याची पानं छत्रीसारखी आडवी आली नाहीत तर.

सोमवारी आकडा आला ६६. बायको म्हणाली, अहो, गल्लीत साधा चिखल नाही. मी म्हणालो, मुरलं असेल. ती म्हणाली, गच्चीवर पण डबकं नाही. मी म्हणालो, तिथंही मुरलं असेल. स्लॅबमध्ये! शिकलेला माणूस एकदा आकड्याला चिकटला की संपलं. चार दिवस पाण्याचा थेंब घातला नाही, वर ऊन कडक.

शुक्रवारी जिन्यात शेजारचे अप्पा भेटले, गच्ची आमची सामाईक, ते पहाटे वर फिरायला जातात. मोबाइलवर माझ्याच बाटलीचा फोटो दाखवायला लागले.

"अप्पा, तुम्ही त्यात पाणी टाकलं?"

"हौ. तांब्याभर. काय झालं मंग?"

"पण का?"

"पासष्ट पाह्यजे ना रे भो. चौसष्ट झाला त नुस्ता पाऊस, पासष्ट झाला त अतिवृष्टी, मंग भरपाई. एक वरून टाकला, कमी नको पडायला."

"अहो, शेत तुमचं चोपड्याकडं, तापीच्या पलीकडं. बाटली इथं जळगावात!"

"फोटोत कुठं दिसते तापी?"

याला काय उत्तर देणार? वर म्हणतात, "तू रोज चार अन् सहा लिहितो, म्हटलं पोराला पण बरं वाटंल."

राग आला, पण ओरडता येईना, कारण रविवारी रात्री त्यांच्या कपाशीत खरंच गुडघाभर पाणी होतं अन् महसूल मंडळाचं, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटाचं, पाऊस मोजायचं यंत्र बारा किलोमीटरवर जवळजवळ कोरडं. बैलाच्या एका शिंगावर पडणारा आणि दुसरं कोरडं ठेवणारा पाऊस आपला, त्याला अख्ख्या मंडळात एक यंत्र, अन् त्या यंत्राला जे दिसलं नाही ते शेतकऱ्याचं झालंच नाही! अप्पांनी निदान तांब्या तरी ओतला, बाकीच्यांनी कुणाच्या बाटलीत ओतायचं?

आमचे आजोबा मातीत बोटं खुपसून ओल किती गेली ते बघायचे, वीतभर गेली की पेरणी, ना पट्टी ना साडेआठ. मी मिरचीच्या कुंडीत एकदा बोट घातलं असतं तर, पण नाही, मला मिलिमीटर पाहिजे होते.

काल अप्पांनी केळीच्या विम्याची विचारणा केली, म्हणजे, "भो, वाऱ्याचा स्पीड मोजायचं काही बनवतो का रे घरी?"

सध्या मी रात्री बाटलीला झाकण लावून ठेवतो.