सि. लावला

आज सकाळी गॅस संपला, नवीन सिलिंडर लावला आणि सवयीप्रमाणे कॅलेंडरवर पेन्सिलीनं 'सि. लावला' असं लिहिलं. लेक बघत होता, हसला. म्हणे आई, बुकिंगची तारीख अ‍ॅपमध्ये असते की, हे काय जुन्या बायकांसारखं. आणि पाचच मिनिटांत त्यानं फोनवर अ‍ॅपवरून कोथिंबिरीची जुडी आणि दोन लिंबं मागवली, दहा मिनिटांत घरपोच. मी बिल बघितलं. डिलिव्हरीचे वेगळे, हँडलिंगचे वेगळे, आणि सामान कमी घेतलं म्हणून त्याचेही वेगळे!! कमी घेतलं म्हणून दंड? आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी पाच रुपयांचा कढीपत्ता पण देतात, तोंड वाकडं न करता.

बुकिंगची तारीख आणि लावल्याची तारीख यात फरक असतो हे ह्याला कोण सांगणार. आईमुळे मला कळतं. मिरजेच्या घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असायचं, त्यावर सगळं. दुधाचे खाडे, पेपरचे खाडे, इस्त्रीचे कपडे, आणि 'सि. लावला'. १४.२ किलोचा सिलिंडर आम्हाला पाच माणसांना ४५ दिवस जायचा. एकदा २९ दिवसांतच संपला. बाबा म्हणाले पाहुणे येऊन गेले ना, संपणारच. आई म्हणाली पाहुणे आलेले दिवस पण लिहिलेत, तरी एवढा नाही जात. वाटीत साबणाचा फेस केला आणि बोटानं नळीला लावत गेली, रेग्युलेटरपाशी बारीक बारीक बुडबुडे यायला लागले. मी शेजारी उभी होते. पेन्सिलीच्या त्या दोन शब्दांनी पैसे वाचलेच, पण घर पण वाचलं त्या दिवशी.

म्हणून मला राग येतो जेव्हा लोक ह्याला कंजुषी म्हणतात. कंजुषी नाही ही, आपल्या घरात काय चाललंय ते माहीत असणं आहे. मी मीटरचं रीडिंग पण लिहिते, दर रविवारी. महावितरणचा दर १०० युनिटच्या वरच्या युनिटला जवळजवळ दुप्पट होतो, हे किती जणांना माहितीये? जुना पंखा ७५ वॅट खातो, नवीन, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा साधारण ३०. बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात, आमचे तीन पंखे आहेत, करा हिशोब. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास विसरला की एक युनिट गेलं. डाळ भिजवून लावा, भाताबरोबर एकाच कुकरात लावा, किती सोपं आहे. पण नाही, आपण फोन पुढे करायचा, टुंग वाजलं की झालं. नोट मोडताना निदान हात जरा अडायचा.

बरं, कधीकधी अ‍ॅपवर स्वस्त मिळतं, मान्य. ज्यांना जिने उतरवत नाहीत त्यांची सोय होते, तेही मान्य.

खरं तर एवढं चिडायला नको होतं मी लेकावर. आईचं घर आवरलं तेव्हा तिची सगळी कॅलेंडरं मी घेऊन आले, आज दुपारी ती काढून बसले. ४५ दिवस, ४३, ४६. मग आम्ही भावंडं बाहेर पडलो तिथे ५५. बाबा गेले त्या वर्षी ८०. आणि शेवटच्या वर्षी जानेवारीत 'सि. लावला' आहे आणि त्याच्यानंतरचं थेट आषाढीला. आकडे मांडणारी मी, आणि हे मला आज दिसलं. दुधापुढे अर्धा लिटर, मग पाव, मग खाडे, नुसते खाडे. रोज रात्री फोन करायचे मी तिला, जेवलीस का विचारायचे. "हो गं, मघाशीच" म्हणायची.