डॉक्युमेंट म्हणून पाठवा

नाशिकहून सकाळच्या एसटीने निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला धुळ्यात असतो. माझा व्हिडिओ सव्विसाव्या दिवशी पोचला, आणि पोचला तोही एका लग्नाच्या मागे बसून.

व्हिडिओ कशाचा ते आधी सांगतो. हसायचं असेल तर लवकर हसून घ्या. पाथर्डी फाट्याला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपासून सोलरच्या स्टँडपर्यंत, मी रोलर कोस्टर बांधलाय. लांबी अडतीस फूट. माणसं बसायचा नव्हे. त्यात काडेपेटीएवढा कॅमेरा बसतो, आणि गाडी टाकीवरून सुटली की अकरा सेकंदांत सोलरखाली ठेवलेल्या जुन्या उशीवर येऊन आपटते. रूळ म्हणजे वायरिंगचे पीव्हीसी पाइप, स्लीपर म्हणजे बांबूच्या पट्ट्या, आणि सगळं एकत्र धरायला केबल टाय. किती केबल टाय, ते आमच्या घरी विचारू नका. फ्रेंच लोक रोलर कोस्टरला ‘रशियन डोंगर’ म्हणतात आणि रशियन लोक ‘अमेरिकन डोंगर’. आमचे सेक्रेटरी ‘ते अतिक्रमण’ म्हणतात. एकूण काय, हे आपल्या दारातलं आहे असं कुणीच कबूल करत नाही.

हा नाद कालिकेच्या यात्रेतला. नवरात्रात जुन्या आग्रा रोडला पाळणे लागायचे, त्यात ड्रॅगनच्या तोंडाची एक छोटी आगगाडी असायची. तीन उंचवटे, एक वळण, आणि त्या वळणावर हातातली शेंगदाण्यांची पुडी हमखास सांडायची. बाकीची पोरं ब्रेक डान्समध्ये बसून ओकायची. मी ड्रॅगनच्या कुंपणाला टेकून, साखळी गाडीला वर कशी ओढते ते बघत उभा. मोठ्या कोस्टरला चढावर जो टक-टक-टक आवाज येतो ना, तो ऐकून लोकांच्या पोटात गोळा येतो. खरं तर तो धीराचा आवाज आहे. साखळीने दगा दिला तरी गाडी मागे घसरू नये म्हणून खाली एक खटका असतो, तो दात्यांवरून उड्या मारत वर जात असतो. हे मी आजवर जितक्यांना समजावलं, तितके जण माझ्यापासून जरा सरकून बसले.

सहा जण सरकले नाहीत. त्यातले तिघे भेटले खोपोलीजवळ, इमॅजिका या थीम पार्कात, ‘नायट्रो’ नावाच्या कोस्टरच्या रांगेत. नायट्रोला पायाखाली फळीच नसते. पाय लोंबकळत ठेवायचे आणि ताशी शंभराच्या वर वेगाने उलटंपालटं व्हायचं. एकाच दिवसात पाचव्यांदा तेच चेहरे रांगेत दिसल्यावर नमस्कार न करणं उद्धटपणाचं झालं असतं. आता आम्ही सात जण आहोत: धुळ्याचे निवृत्त पोस्टमास्तर, संगमनेरचा फॅब्रिकेटर, सांगलीच्या फिजिओथेरपिस्ट बाई (त्यांना मुळात लोकांच्या मानांत रस), जालन्याचे जुळे भाऊ, अलिबागचे बँकवाले साहेब आणि मी.

खऱ्या राइडवर मोबाईल नेऊ देत नाहीत, आणि देऊही नये. शंभराच्या वेगात हातातून निसटलेला मोबाईल मागच्याच्या कपाळाला दगडच. म्हणून आम्ही घरी बांधतो, घरी शूट करतो आणि एकमेकांना पाठवतो. नियम एकच. पाठवायचा खर्च माणशी वीस रुपयांच्या आत. हा नियम पोस्टमास्तरांचा. “छंदाला पैसे लागायला लागले की घरात हिशेबाची वही निघते,” असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, इंटरनेट आहे की! वीसातलेही एकोणीस उरतील.

यंदाची नवलाई म्हणजे लूप, गाडीला उलटी करून फिरवणारा रुळाचा वेढा. आता लूप गोल नसतो, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये कुणाला ठाऊक नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला थॉम्प्सन नावाच्या गृहस्थांनी १८८४ साली पाच सेंटात लोकांना उतारावरून न्यायला सुरुवात केली. वेग ताशी दहा किलोमीटर. हसू नका, सकाळी द्वारका चौकात एवढा मिळाला तर आपण देवाला नारळ फोडू. पुढे दहा-अकरा वर्षांत तिथेच एकाने चक्क गोल लूप बांधला, आणि त्यातून उतरणारी माणसं मान धरूनच उतरायची. गोलात शिरताक्षणी एकदम हिसका बसतो तो मानेला. १९७६ साली श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने कॅलिफोर्नियातल्या कोस्टरला वरून निमुळता, पाण्याच्या थेंबासारखा लूप दिला, तेव्हा कुठे माना सुटल्या.

तो थेंब मी स्वयंपाकघरात काढला. पाइपात बारीक वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना चिंध्यांचे बोळे, आणि पाइप गॅसवर वांग्यासारखा फिरवत राहायचा. वाळू नसली तर पाइप वळत नाही, चिमटतो. जास्त शेकला तर लोळागोळा. नेमका मऊ झाला की ओट्यावर आधीच ठेवलेल्या कुकरभोवती वळवायचा. दोन पाइप मनासारखे जमले, पाच वाया गेले. पुढचे चार दिवस पोळ्यांना वायरिंगचा वास येत होता.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, फाळके स्मारक आहे. मी तो मुद्दा काढला. “अगं, दादासाहेबांनीसुद्धा आधी कुंडीतला वाटाण्याचा वेल कसा वाढतो ते रोज थोडं थोडं शूट केलं होतं. आणि सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले होते.”

“मी गॅस दिला,” ही म्हणाली. “शिवाय त्यांच्या वाटाण्याची निदान उसळ होत होती.”

गाडीला चाकं तीन बाजूंनी असतात. रुळावर, रुळाच्या कडेला आणि रुळाखालून. ही खालची चाकं जॉन मिलर या अमेरिकन माणसाची करामत, पेटंट १९१९ चं. त्यांच्यामुळे गाडी रूळ सोडून उडत नाही. माझी चाकं म्हणजे ६०८ नंबरची बेअरिंगं, अंबडच्या एका दुकानातून आणलेली, बारा नग. शूटिंगच्या दिवशी लूपच्या माथ्यावरच्या एका केबल टायचं शेपूट कापायचं राहिलं होतं. ते चाकात अडकलं, आणि मिलरसाहेबांच्या कृपेने गाडी पडली नाही. उलटी लटकली. मी शिडी आणायला खाली गेलो, ती चार मिनिटं कॅमेरा इमाने इतबारे चालू. वर फरशी, खाली आभाळ, आणि दोरीवरचे सगळे शर्ट हात वर करून शरण आलेले. मधेच सेक्रेटरी उलटे चालत आले, उलटे थांबले आणि सुलट आवाजात म्हणाले, “हे अजून आहेच का?”

आमच्या मंडळींना सगळ्यात हीच चार मिनिटं आवडणार, हे मला ठाऊक होतं. राइड अकरा सेकंदांची असली तरी दर्दी माणसाला अकरा सेकंदांत रस नसतो. त्याला तीन बाजूंनी हवं असतं, स्लो मोशन हवं असतं, बेअरिंगं जवळून हवी असतात, फसलेले प्रयत्न तर हवेतच. सगळं मिळून चौदा मिनिटं झाली. पाच जीबी.

इथून खरा उतार सुरू झाला.

व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ टाकला तर रूळ म्हणजे शेवया आणि सेक्रेटरी म्हणजे ढग. लगेच पाच जणांकडून एकच सल्ला आला, “डॉक्युमेंट म्हणून पाठवा.” तसं पाठवलं की चित्र बिघडत नाही, पण मर्यादा दोन जीबीची. म्हणून तीन तुकडे केले, तर कापताना लूप नेमका मधोमध कापला गेला. जालन्याच्या एका जुळ्याकडे अर्धा लूप गेला, दुसऱ्याकडे उरलेला. दोघे एका घरात राहतात, तरी दोघांनीही मला वेगवेगळे फोन केले. मग म्हटलं, लिंकच देऊ. फुकटच्या पंधरा जीबीतले चौदा मुलीच्या गॅदरिंगने व्यापलेले. गॅदरिंगमध्ये ती झाड झाली होती. एकाच झाडाचे दोनशे फोटो. पण बापाने कुठली फांदी छाटायची? शेवटी भाच्याची जागा उसनी घेतली आणि रोजच्या दीड जीबीत अपलोड लावला. चौथ्या दिवशी ब्याण्णव टक्क्यांवर आला आणि वीज गेली. ती आल्यावर त्याने शून्यापासून सुरुवात केली, आणि तेही असं की आपली पूर्वी कधी भेटच झाली नव्हती.

दहाव्या दिवशी लिंक गेली. अलिबागच्या साहेबांनी ती उघडली नाही. ते बँकेत ग्राहकांना ‘आलेली लिंक उघडू नका’ हे समजावतात. “मी तुम्हाला ओळखतो हो, पण तुमचा फोन हॅक झाला असेल तर?” म्हणाले. व्हिडिओ कॉलवर मी चेहरा दाखवला, मागे रोलर कोस्टर दाखवला, तेव्हा कुठे पटलं. सांगलीला चित्र काळं आणि नुसता आवाज आला; त्यांच्या कॉम्प्युटरला माझा फॉरमॅट कळेना. बाईंनी चौदा मिनिटं आवाज ऐकला आणि लिहिलं, “डाव्या बाजूचं एक बेअरिंग कोरडं आहे, तेल घाला.” मी जाऊन पाहिलं. होतं.

राहिले पोस्टमास्तर. त्यांच्याकडे इंटरनेट नाही. टीव्हीला मागून पेनड्राइव्ह लावायची सोय आहे. एम. जी. रोडवरून बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह आणला, साडेतीनशे रुपये. “तो परत येईल, सबब खर्चात धरू नये,” असा त्यांचा निर्णय फोनवर मिळाला. फाइल टाकायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणे, फाइल फार मोठी आहे. अहो, बत्तीसची बत्तीस रिकामी आहेत! भाच्याने सांगितलं की पेनड्राइव्ह ज्या जुन्या पद्धतीने बांधलेला असतो, त्यात चार जीबीच्या वरची एक फाइल मावतच नाही. म्हणजे बत्तीस खोल्यांचा वाडा मोकळा, पण दार चार फुटी. कपाट काही आत जात नाही. पद्धत बदलली की कॉम्प्युटर खूश, पण पोस्टमास्तरांचा टीव्ही त्या पेनड्राइव्हला ओळख दाखवेना. पुन्हा कापाकापी. या वेळी लूप अखंड राहील असा कापला.

आणि वीस रुपयांत तो धुळ्याला न्यायचा कुणी? तर खालच्या मजल्यावरच्या काकू भाचीच्या लग्नाला धुळ्याला निघाल्या होत्या. चिवड्याच्या डब्यात पेनड्राइव्ह ठेवला, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर पत्ता. काकू म्हणाल्या, “पोचला म्हणून समजा.”

मी समजलो. सोळा दिवस समजतच होतो.

त्या लग्नात शूटिंगवाल्याला ऐन वेळी पेनड्राइव्ह कमी पडला आणि काकूंना डबा आठवला. माणूस सज्जन, त्याने माझं काही पुसलं नाही. फक्त आपल्या फाइलला पहिला नंबर दिला. पुढे मांडवपरतणी, सत्यनारायण, पाहुण्यांचे पाहुणे असं करत पेनड्राइव्ह पोस्टमास्तरांच्या दारात पोचला. त्यांचं उत्तर पोस्टाने आलं, हे सांगायला नकोच.

“व्हिडिओ पाहिला. सुरुवात संथ वाटली. हळदीचा भाग लांबला आहे. अंतरपाट दूर होतो तो क्षण थरारक, परंतु गाडी कुठे आहे हे समजले नाही. वधूचे मामा नाचताना दोनदा पडता पडता वाचले. त्यांना खालची चाके नसावीत. लूप १ तास ५२ मिनिटांनी आला. अप्रतिम. आपले सेक्रेटरी उलटे अधिक प्रसन्न दिसतात. पाकिटातून नोटा पाठवू नयेत असे मी लोकांना तीस वर्षे सांगत आलो, म्हणून वीस रुपयांची तिकिटे सोबत जोडली आहेत.”

पाच-पाचाची चार तिकिटं होती. ती मी अजून वापरलेली नाहीत. पेनड्राइव्ह मात्र मला परत मिळाला नाही, कारण हळदीचं शूटिंग तेवढं त्या एकाच पेनड्राइव्हवर उरलं होतं. काकूंच्या बहिणीने तो देवघरात ठेवलाय म्हणे. म्हणजे माझी उलटी लटकलेली गाडी सध्या धुळ्यात बाळकृष्णाशेजारी आहे.

इतकं झाल्यावर फॅब्रिकेटर म्हणाला, “भाऊ, त्यापेक्षा आम्हीच येतो ना.” आणि एका रविवारी सहाही जण आले. सांगलीहून, अलिबागहून, आपापल्या गाडीभाड्याने. सकाळी मिसळ झाली, तिचा हिशेब मी देत नाही. पोस्टमास्तरांनी जिना चढता चढता निकाल दिला की हा खर्च प्रवासात जातो, पाठवण्यात नाही, नियम शाबूत.

मी बेअरिंगांना तेल घातलं, केबल टायची शेपटं तपासली, गाडी टाकीच्या कडेला लावली. गच्चीवर चिडीचूप. सेक्रेटरीही येऊन उभे होते, सुलट. गाडी सोडली. उतार, उंचवटा, लूप. न अडकता लूप! वळण, सोलर, उशी. अकरा सेकंद.

मी वळून पाहिलं तर सगळ्यांचे मोबाईल डोळ्यांसमोर. सेक्रेटरींचासुद्धा. स्वतःच्या डोळ्यांनी काय ते पोस्टमास्तरांनी पाहिलं, हात पाठीमागे बांधून.

रात्री ग्रुपवर पाच व्हिडिओ येऊन पडले, सगळे शेवया. जुळ्यांचे तर एकाच जागेवरून घेतलेले. प्रत्येकाखाली बाकीच्यांनी लिहिलेलं, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मी उघडायला गेलो तर माझा फोन म्हणाला, जागा नाही. तेवढ्यात पोस्टमास्तरांचा फोन आला. सुखरूप पोचले होते. “सगळ्यांचं एकत्र करून मला तेवढं पेनड्राइव्हवर द्या,” म्हणाले. “घाई नाही.”

खाली काकू भेटल्या. दिवाळसणाला त्या पुन्हा धुळ्याला चालल्या आहेत.