पाचव्या लेव्हलची घाई

आम्ही ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा एकेक पात्र घेऊन खेळायचा खेळ खेळतो. आमच्या डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, मागच्या सत्राच्या शेवटी सगळ्यांना तिसऱ्या लेव्हलवरून थेट पाचव्यावर नेले, आणि त्यावरून कट्ट्यावर जुंपली. कट्ट्यावरही आम्ही एकमेकांना पात्रांच्याच नावाने हाक मारतो. मांत्रिकाला पाचव्या लेव्हलला आगीचा गोळा फेकण्याचा मंत्र मिळतो, त्यामुळे त्याच्या आनंदाला पारावार नव्हता. “फायरबॉल मिळाला, आता कुठे खेळ सुरू झाला!” असे तो पुन्हापुन्हा सांगत होता.

“मग आजवर आपण काय करत होतो?” चोराने विचारले.

लढवय्या डीएमच्या मदतीला धावला. २०१४च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलला ३०० एक्सपी (अनुभवाचे गुण), तिसऱ्याला ९००, पाचव्याला ६,५०० आणि विसाव्याला ३,५५,००० लागतात. म्हणजे सुरुवातीचा वेग मुळातच जास्त ठेवलेला आहे, असे त्याचे म्हणणे.

“पायऱ्या लहान केल्या आहेत त्या चढता याव्यात म्हणून, उडी मारून टाळता याव्यात म्हणून नव्हे,” चोर म्हणाली.

मला तिचे पटते. मैलाच्या दगडांवर, म्हणजे गुण न मोजता कथेतला टप्पा गाठल्यावर, लेव्हल देण्याला माझा विरोध नाही, पण तो दगड कथेत लागला पाहिजे. माझ्या कॅरेक्टर शीटवर हिट पॉइंट्सचा, म्हणजे पात्राचा जीव किती उरला त्याचा, रकाना खोडरबराने इतका घासला गेला आहे की कागदातून पलीकडचे दिसते. पहिल्या लेव्हलवर नऊ पॉइंट्सवर काढलेल्या त्या रात्रींमुळेच मला माझे पात्र माझे वाटते.

“मिस्टी स्टेप हा मंत्र तू तिसऱ्या लेव्हलला घेतलास. किती वेळा वापरलास?” चोराने मांत्रिकाला विचारले. त्याने शीट उलटसुलट करून पाहिली, एकदाही नाही.

कोंडीत सापडल्यावर त्याने इतिहास काढला. १९८१च्या बेसिक नियमांत दुसऱ्या लेव्हलसाठी चोराला १,२०० एक्सपी पुरत आणि मांत्रिकाला २,५०० लागत. २०००मध्ये तिसऱ्या आवृत्तीने सर्वांना एकच तक्ता दिला तेव्हा कुठे हा अन्याय संपला, असे तो तावातावाने सांगू लागला.

“पण त्या जुन्या बेसिक नियमांत लुटून आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला एक एक्सपी मिळायचा,” चोर म्हणाली, “त्यामुळे लेव्हल कशाने वाढली हे प्रत्येकाला ठाऊक असायचे.”

“म्हणून पहिल्याच सत्रात आपल्या सगळ्यांचा माणिक खिशात घातलास काय?”

“कोणता माणिक?” डीएम ताडकन उठला, आणि त्यानंतर हसण्याच्या गदारोळात एक्सपीचे नाव कोणी काढले नाही.