रेट विचारणाऱ्यांसाठी

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. कोल्हापूरला मी स्वतःच्या हाताने केलेल्या चपलांचा. बरं, अर्ध्यामुर्ध्या स्वतःच्या हाताने. डाव्या पायाची वेणी तिरकी झालीय, उजव्या पायाची त्याहून तिरकी. पण हौस ती हौस. चहा उकळेपर्यंत एका सद्गृहस्थांचा मेसेज आला, "वा ताई! आता गेटवर बसा, आमच्याही शिवून द्या. रेट काय?" आणि त्याखाली हसून हसून डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग. त्यात दोन डॉक्टर, एक प्राध्यापक आणि एकादशीला माझ्या घरी येऊन भगर खाणारी एक मैत्रीण.

(हो बाई, तूच. वाचत असशीलच.)

मी लिहिलं, "तुम्हाला परवडायची नाही." मग ॲडमिनचं "ग्रुपवर वाद नको प्लीज", मग टँकर किती वाजता येणार, मग कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, केक, फुगे. विषय संपला. त्यांचा. माझा संपला नाही म्हणून इथे लिहायला बसलेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

हे सद्गृहस्थ कोण, नाव सांगत नाही, पण गुण सांगते. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या आणि कोल्हापूरचा उल्लेखसुद्धा केला नाही, तेव्हा याच ग्रुपवर यांनी रान उठवलं होतं. आपला वारसा चोरला, आपल्याला पुन्हा लुटलं, कोर्टात खेचा यांना. डीपीला चपलेचा फोटो लावला होता बाप्पा या माणसाने! आणि आज तशीच चप्पल शेजारच्या बाईने करून दाखवली तर लगेच ती बाई गेटवर. म्हणजे चप्पल आपली, करणारे मात्र आपले नाहीत.

आणि "आपला वारसा" म्हणताना जरा नकाशा तरी बघायचा. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना. चार आपल्याकडचे, चार कर्नाटकातले. नागपूर त्यात कुठेच नाही. सद्गृहस्थ जन्मापासून नागपूरच्या महाल भागातले, आता इथल्याच धरमपेठेतले.

आता क्लासचं सांगते.

अंबाबाईच्या दर्शनाला गेलो होतो. नागपूरहून महाराष्ट्र एक्सप्रेसने कोल्हापूर म्हणजे चोवीस तासांच्या वर, कंबर पार मोडते. इतक्या लांब आलोच आहोत तर दर्शन, मिसळ आणि रंकाळा एवढ्यावर भागवायचं नाही असं मी ठरवलं होतं. नवरा मिसळीकडे गेला आणि मी सुभाषनगर भागात एका कारागिराच्या घरी शिकायला बसले. घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. एका कडेला कमावलेल्या कातड्याचे तुकडे, पाण्याचं घमेलं, मधोमध दगडी फरशी, त्यावर कातडं कापायची रापी, भोकं पाडायच्या दोन-तीन आऱ्या, हातोडा. भिंतीवर टीव्ही. मालिका चालू, आवाज बंद.

काकांनी आधी काही शिकवलंच नाही. नुसते तुकडे हातात दिले. हे म्हशीचं, तळाला. हे बकऱ्याचं, वेणीला. वास घ्या म्हणाले. मला वाटलं होतं नाक धरावं लागेल, तर ओल्या लाकडासारखा काहीतरी वास. कारण हे बाभळीच्या साली आणि हिरड्याच्या पाण्यात मुरवून कमावलेलं. खरा वास त्याच्या आधीचा. कच्चं कातडं चुन्यात घालायचं, केस काढायचे, खरवडायचं, मग सालीच्या पाण्यात कित्येक आठवडे. ते काम वेगळ्या जागी, वेगळे लोक करतात आणि तिथे आमच्यासारख्या हौशी पाहुण्यांना कोणी नेत नाही. तळही आधीच कापून ठोकून ठेवलेले होते. म्हणजे माझा क्लास हा पानात वाढून आलेल्या जेवणासारखा, फक्त घास मी घ्यायचा. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी चपला "केल्या" असं म्हणत फिरेन.

तर माझ्या वाट्याला आलेला घास. तळाच्या दोन थरांमध्ये दोन्ही बाजूंचे कान बसवायचे, कानांवरून पट्टा, पुढे अंगठा अडकवायची पट्टी. आणि शिवायचं ते दोऱ्याने नाही, कातड्याच्याच वादीने. खिळा एकही नाही. आरीने भोक पाडा, वादी ओढून घ्या, पुढचं भोक पाडा. वाचायला किती सोपं! माझं पहिलं भोक पडेपर्यंत काकांचा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला. "आरी ढकलायची न्हाई म्याडम, फिरवायची. ढकलली की बोटात जातीया." त्यांच्या डाव्या अंगठ्यावर पांढऱ्या वणांची जाळी होती. एखादं भोक जरा जास्त पुढे पडलं की ते काही न बोलता घमेल्यातलं पाणी त्यावर लावायचे, हातोडीने ठोकून दाबायचे आणि नवीन भोक शेजारी पाडायचे. त्यानंतर तिथे काही झालं होतं हे मलाही सापडायचं नाही.

वेणी मात्र काकांचं खातं नाही. वेणी वहिनींची. चप्पल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बाप्या माणूसच येतो, पण त्या घरात नाजूक काम सगळं बायांच्या हातात होतं, आणि काका म्हणाले की आसपास बऱ्याच घरांत तसंच आहे. बकऱ्याच्या कातड्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या, त्यांची वेणी घालत जायची. मी घातलेली वेणी वहिनींनी बोटाने चाचपली, पूर्ण उसवली आणि परत माझ्या हातात दिली. तेही माझ्याकडे न बघता, नजर त्या मुक्या मालिकेवर. "बोटं लई ताठ धरताय. सैल सोडा की." पुन्हा उसवली. पुन्हा. मी पोरीच्या वेण्या घालून तिला शाळेत पाठवलेली बाई, पण तिथे पहिलीत बसल्यासारखं झालं होतं.

मग त्यांची मुलगी कॉलेजातून आली. बी.कॉम.ला आहे. क्लासचं बुकिंग तीच घेते, गूगलवर पत्ता तिनेच टाकलाय, पैसे तिच्याच फोनवर जातात. माझ्यासमोर एका परदेशी बाईशी फोनवर इंग्रजीत बोलली, आमच्या ऑफिसातल्या साहेबांपेक्षा बरं. मी फोटो काढायला लागले तशी हळूच जवळ आली आणि म्हणाली, "काकू, फोटो टाकाल ना तुम्ही, त्यात मला घेऊ नका हं. हातांचे टाका, हातांचे चालतील."

मी हो म्हटलं. कारण विचारलं नाही. असते काही मुलींना आवड-निवड.

आज सकाळी ते कारण घरबसल्या मोबाईलवर आलं.

मला "गेटवर बसा" म्हटलं तर तो विनोद होतो. का? कारण मी बसणार नाही हे सगळ्यांना पक्कं माहीत आहे. मी ती आरी एक दुपार धरली, हात धुतले, संध्याकाळी तांबडा-पांढरा रस्सा ओरपला, गाडी पकडून घरी आले. माझं आडनाव जिथल्या तिथे आहे. मला कोणी चिकटवलं तरी ते चिकटत नाही. पण हाच मेसेज, अगदी हेच शब्द, तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर तिच्या फोटोखाली आला असता तर? त्याखाली अशीच पिवळी तोंडं हसली असती तर? ती पोरगी मूर्ख नाही. तिला हे माझ्या कितीतरी आधी माहीत होतं. म्हणून हातांचे टाका.

माझ्या यादीतल्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही असं मी धरून चालते. चालते ना?

सांगायची लाज वाटते, पण हे गाव कोणतं बघा. शाहू महाराजांचं. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्यांचं. अस्पृश्य ठरवलेल्या गंगाराम कांबळेंना चहाचं हॉटेल काढायला ज्यांनी बळ दिलं आणि मग स्वतः तिथे गाडी थांबवून सगळ्यांदेखत चहा घेतला, त्यांचं. आणि आपण कुठले? आपण नागपूरचे! पाहुणे आले की आपण त्यांना दीक्षाभूमी दाखवायला नेतो. १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेब, लाखो लोक, सगळं आपण गाईडसारखं सांगतो, आणि मग सावजी, मग फुटाळा. सद्गृहस्थही नेतात. मी पाहिलंय त्यांना तिथे जावयाचे फोटो काढताना.

"अहो विनोद होता, इतकं काय मनावर घेता." ठीक आहे, विनोद होता. यांच्याकडे दर गुरुवारी भजन असतं, ढोलकी कडाडते. ती ढोलकी कशाने मढवलीय तेही एकदा विनोदात विचारते.

आणि गेटवर म्हणाल तर गेटवर एक दादा खरंच बसतात की. बाहेरच्या कडुनिंबाखाली. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं तरी बसतात. सद्गृहस्थांना त्यांचा रेट पाठ आहे. सँडलचा पट्टा शिवून घेतल्यावर दहा रुपयांसाठी त्यांनी घातलेला वाद मी माझ्या बाल्कनीतून ऐकलाय. मग मला कशाला विचारताय भाऊ?

थांबा. मध्ये फोन आला होता. भगरवाल्या मैत्रिणीचा. "अगं मी वाचलंच नाही नीट, सगळे हसत होते म्हणून मीपण." असं होतं. मला माहीत आहे तसं होतं. तिला संध्याकाळी बोलावलंय, चपला दाखवते म्हटलं. तिच्यावर राग नाही आता. प्राध्यापकांवर आहे.

प्राडाचंही न्यायाने सांगायचं तर, ओरड झाल्यावर त्यांनी कोल्हापुरीपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. इथल्या कारागिरांसोबत सुमारे २,००० जोड करायचे ठरले, एका जोडाची किंमत ८०० युरोच्या आसपास. आता गंमत बघा, मिलानवाल्यांनी निदान शेवटी तरी नाव घेतलं. आपण काय करतो? कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये जातो, दुकानाची पाटी वाचतो, दुकानदाराशी घासाघीस करतो. ती चप्पल कुणाच्या घरात, कुणाच्या बोटांनी विणली हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. बहुतेक कोल्हापुरींवर करणाऱ्याचं नाव नसतं. साडीवरही सहसा नसतं, मान्य. पण साडी विणणाऱ्याला फोटोत यायला लाज वाटेल असे मेसेज आपण पाठवत नाही.

आणि सद्गृहस्थांनी ८०० युरोचे रुपये करावेत. रेट हवा होता ना.

आता "पण कोल्हापुरी चावते" म्हणणारे येतील. चावते. पहिले काही दिवस चावते, तेल लावा, घरात घालून फिरा, मग पाय तिला आणि ती पायाला ओळखते. पावसात चालत नाही, हेही खरं. आणि इथे बर्डीच्या बाजारात तीनशेला मिळते ती रेक्झिनची, तिला कोल्हापुरी म्हणू नका, ती चावत नाही, ती नुसती घाम आणते. खऱ्या जोडाला हजार-दीड हजार सांगितले की "चपलेला एवढे?" असं आपणच म्हणतो, आणि जाळीच्या परदेशी बुटाला पाच हजार न बोलता मोजतो. मीही मोजलेत, पोराच्या.

कातडं म्हणजे हिंसा, असं म्हणणारी माझी एक शाकाहारी भाची आहे, तिचं मी ऐकून घेते, कारण ती कापडी चप्पल घालते. बाकीच्यांनी आधी आपला पट्टा आणि पाकीट काढून ठेवावं आणि मग बोलावं.

आणि हो, मीही पर्यटकच होते तिथे. पैसे दिले, अनुभव घेतला, फोटो काढले. पण काकांचं म्हणणं ऐका, मी त्यांना विचारलं होतं की आमच्यासारख्यांना शिकवताना वैताग येत नाही का. म्हणाले, "येतोय की. पण एक जोड विकायला दोन तास भाव करत्यात लोक. तुम्ही दोन तास आरी धरली की भाव करायचं बंद करता." खरंय. मी त्यांच्याकडून नंतर नवऱ्यासाठी जोड घेतला, सांगितलेल्या किमतीला. नवरा म्हणाला जास्त दिलेस. त्याला म्हटलं बस खाली आणि पाड एक भोक.

इनबॉक्समध्ये बऱ्याच जणींनी नंबर मागितलाय. इथे उघड्यावर टाकणार नाही, का ते वर लिहिलंय. मेसेज करा, मुलीला विचारून देईन. पावसाळ्यात जाऊ नका, ओलसर हवेत कातडं वाळत नाही आणि त्यांचंही काम मंदावतं. नखं कापून जा. फोनवर फी सांगितली की "काही कमी होईल का" विचारू नका. फोटो काढायच्या आधी प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, एकाने हो म्हटलं म्हणजे घराने हो म्हटलं असं नाही. आणि वेणीची पाळी आली की वहिनींच्या शेजारी बसा, काकांच्या नाही. काकांना वेणी येत नाही, पण ते तसं कबूल करत नाहीत. टीव्हीचा आवाज वाढवा असंही वहिनींना सांगायला जाऊ नका. मी सांगून बघितलं. म्हणाल्या, "काय गरज न्हाई वो, कोण काय बोलणार ते ठाऊक असतंय."