सारागढीची चौकी आणि ‘युनेस्कोची यादी’ : एक खुलासा

सारागढीच्या लढाईचा समावेश युनेस्कोने जगातील आठ सामूहिक शौर्यगाथांत केला आहे आणि २१ शिखांनी तो किल्ला शत्रूच्या हाती पडू दिला नाही, असा संदेश सध्या फिरत आहे. तो मीही पूर्वी पुढे पाठवला होता, म्हणून हा खुलासा.

युनेस्कोच्या याद्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. त्यांत वारसास्थळे, परंपरा, दस्तऐवज आहेत. शौर्यगाथांची यादी नाही.

सारागढी हा किल्लाही नव्हता. आजच्या पाकिस्तानातील समाना डोंगररांगेवरील लॉकहार्ट आणि गुलिस्तान हे ब्रिटिशांचे किल्ले एकमेकांना दिसत नसल्याने मधल्या उंचवट्यावर उभारलेली ती निरोपांची लहानशी चौकी होती. १२ सप्टेंबर १८९७ रोजी हजारो आफ्रिदी व ओरकझाई टोळीवाल्यांनी तिला वेढा घातला, तेव्हा शिपाई गुरमुख सिंग हेलिओग्राफच्या आरशावर ऊन झेलून लॉकहार्टला लढाईचे वृत्त कळवत राहिले आणि अखेर परवानगी मागून, यंत्र आवरून, त्यांनी बंदूक उचलली. हवालदार ईशर सिंग यांच्यासह ३६व्या शीख पलटणीचे २१ जण धारातीर्थी पडले, चौकीही पडली. टिकला तो गुलिस्तान, कारण हल्लेखोरांचा तो दिवस सारागढीवर खर्ची पडला होता.

या सर्वांना मरणोत्तर ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ हा हिंदी सैनिकांसाठीचा तत्कालीन सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्याला युनेस्कोचे ठिगळ कशाला हवे? कृपया जुना संदेश पुढे पाठवू नये आणि पाठवला असल्यास त्याच गटात ही दुरुस्ती द्यावी.