हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण ताटकळत ठेवू नका

२०१६ च्या हिवाळ्यात, जर्मनीत असताना, मी जर्मन भाषेच्या संध्याकाळच्या वर्गाला जायचे. वर्गातली एक ट्यूब सारखी लुकलुकायची. माझ्या शेजारी सीरियातल्या अलेप्पोचा एक इलेक्ट्रिशियन बसायचा, वय असेल तिशीच्या आसपास. त्याचं निम्मं लक्ष फळ्याकडे आणि निम्मं त्या ट्यूबकडे. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. उठला, खुर्ची ओढली आणि बाईंना मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, स्टार्टर गेलाय, पाच मिनिटांचं काम आहे, करू का? बाई भल्या होत्या. पण म्हणाल्या, नको, आपल्याला हात लावता येणार नाही, तक्रार नोंदवली आहे, माणूस येईल. माणूस यायला तीन आठवडे लागले. तोवर याने वर बघणंच सोडून दिलं होतं.

निर्वासितांचा विषय निघाला की मला ती ट्यूब आठवते. गेले काही दिवस फेसबुकवर या विषयावर जे काही चाललंय ते वाचते आहे. एक बाजू म्हणते, सगळ्यांना आत घ्या. दुसरी म्हणते, सगळ्यांना हाकला. मला वाटतं दोघांच्याही नजरेतून मधला काळ सुटतो. माणूस सीमेवर येऊन उभा राहिल्यापासून त्याला 'हो' किंवा 'नाही' असं स्पष्ट उत्तर मिळेपर्यंतचा काळ. तो काही महिन्यांचा असतो, काही वर्षांचा असतो, आणि छावण्यांमध्ये तर पिढ्यांचा असतो. यजमान देशांचं सगळ्यात मोठं चुकतं ते इथे, असं माझं स्पष्ट मत आहे. किती लोकांना घ्यायचं यावर जरूर भांडावं. पण जे येऊन पोहोचलेच आहेत त्यांना रिकामं बसवून ठेवण्यात ना माणुसकी आहे ना शहाणपण.

त्या इलेक्ट्रिशियनसारखी मीही जर्मनीत परकीच होते. पण मी नोकरीचा करार हातात घेऊन गेले होते. त्याच शहरातल्या त्याच कार्यालयात, त्याच लांबलचक व्हरांड्यात नंबर घेऊन आम्ही दोघंही बसलो आहोत. माझं राहण्याचं कार्ड सहा आठवड्यांत आलं. त्याच्याकडे होता फोटो चिकटवलेला एक घडीचा कागद, सहा महिन्यांसाठी. मुदत संपली की पुढच्या सहा महिन्यांचा शिक्का. कागदावर बघितलं तर त्याला कामाची पूर्ण बंदी नव्हती. पण प्रत्येक नोकरीसाठी वेगळी परवानगी, ती यायला कित्येक आठवडे, आणि सहा महिन्यांनी हा माणूस देशात असेल की नाही हे ज्याला माहीत नाही असा कोणता मालक त्याला कामावर ठेवेल? घरमालकाचंही तेच. बँकेचंही तेच. नियम थेट 'नाही' म्हणत नव्हता, पण कोणी 'हो' म्हणायला धजावणार नाही अशी व्यवस्था त्याने केली होती.

निर्णय येतो तो पिवळ्या पाकिटातून. पोस्टमन त्या पाकिटावर तारीख लिहितो, कारण अपिलाची मुदत त्या दिवसापासून मोजतात. त्याच्या वसतिगृहातली माणसं सकाळी पोस्टमनच्या वेळेला खाली येऊन उभी राहायची. कुणाच्या हातात पिवळं काही दिसलं की सगळे गप्प. त्याचं पाकीट आलं २०१७ च्या वसंतात, जर्मनीत पाऊल ठेवल्यानंतर दीड वर्षाने. त्याला दुय्यम संरक्षण मिळालं होतं, म्हणजे राहायला परवानगी, पण पूर्ण निर्वासिताचा दर्जा नाही. आणि मार्च २०१६ पासून जर्मनीने अशा लोकांचं कुटुंब आणण्याचा हक्क दोन वर्षांसाठी थांबवला होता. पुढे २०१८ च्या ऑगस्टपासून महिन्याला फक्त १,००० नातेवाइकांना व्हिसा देण्याची मर्यादा आली. त्याची बायको आणि मुलगी तुर्कस्तानात होत्या. तो निघाला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. २०१९ मध्ये विमानतळावर भेटली तेव्हा सहा वर्षांची. फोनवर रोज बोलणारी ती पोर समोर आल्यावर आईच्या मागे लपली, हे त्याने मला सांगितलं तेव्हा मला काय बोलावं ते सुचलं नाही.

आता यात जर्मनीला झोडपण्याचा माझा हेतू नाही. २०१५ मध्ये साधारण ८ लाख ९० हजार माणसं आश्रयासाठी त्या देशात आली, आणि अँगेला मर्केल 'आपण हे करू शकतो' म्हणाल्या तेव्हा त्यांच्यावर किती चिखलफेक झाली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे काय झालं? त्या वर्षी आलेल्यांपैकी कामाच्या वयाची साधारण दोन तृतीयांश माणसं नऊ वर्षांनी नोकरीधंद्यात होती, देशाच्या सरासरीच्या बरीच जवळ. पुरुषांचं प्रमाण चांगलं, बायकांचं खूपच कमी, आणि त्यावर जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही. पण ही माणसं आयुष्यभर सरकारच्या पैशावर बसून खातील हे भाकीत खोटं ठरलं. सुरुवातीची ती दोन-तीन वर्षं वाया गेली नसती तर आणखी किती लवकर खोटं ठरलं असतं, एवढाच माझा प्रश्न आहे.

'कामाची परवानगी पटकन दिली तर आणखी लोंढे येतील' हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. लोंढे म्हणे! ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्याला बारा महिने वाट पाहिल्याशिवाय कामाच्या परवानगीसाठी अर्जच करता येत नाही, आणि मिळाली तरी ठरावीक यादीतल्याच कामांसाठी. म्हणून छोट्या होड्यांतून इंग्लिश खाडी ओलांडणारे थांबले का? माणसं हॉटेलांत बसून राहिली आणि त्या हॉटेलांचं बिल करदात्यांनी भरलं. मग २०२२ मध्ये लोकांना रवांडाला पाठवण्याची योजना आली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली, सरकारने तरीही नवा कायदा करून ती रेटली, आणि २०२४ च्या जुलैमध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली तेव्हा गृहमंत्र्यांनी संसदेत हिशोब मांडला: ७० कोटी पौंड खर्च, आणि गेली किती माणसं, तर चार, तीही स्वखुशीने. त्या पैशात निर्णय देणारे अधिकारी, दुभाषे आणि वकील नेमले असते तर कितीतरी फायली हातावेगळ्या झाल्या असत्या.

आणि मुळात हे अशक्य नाहीच. युक्रेनवर हल्ला झाल्यावर ४ मार्च २०२२ रोजी युरोपीय संघाने एक जुना नियम बाहेर काढला. बाल्कनमधल्या युद्धांनंतर २००१ मध्ये केलेला आणि तोपर्यंत एकदाही न वापरलेला. या नियमाखाली युक्रेनच्या लोकांना एकेकट्याने आश्रयाचा खटला लढवावा लागला नाही. नाव नोंदवा, राहा, काम करा, मुलांना शाळेत घाला. चाळीस लाखांहून जास्त माणसांना त्याखाली संरक्षण मिळालं. युरोप कोसळला नाही. त्याच युरोपने २०१५ मध्ये सीरियाच्या लोकांसाठी हा नियम कपाटातून काढला नव्हता. माझ्या शेजारच्या बाकावरच्या माणसाला हे पक्कं माहीत होतं. त्याने कधी कडवटपणाने उच्चार केला नाही, पण २०२२ मध्ये त्याच्याच कंपनीत एक युक्रेनी इलेक्ट्रिशियन देशात आल्यावर पाचव्या आठवड्यात रुजू झाला, तेव्हा तो मला म्हणाला, 'बघ, येतं की त्यांना.'

बरं, हे फक्त श्रीमंतांनाच परवडतं असंही नाही. कोलंबियाकडे बघा. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने व्हेनेझुएलातून आलेल्या सुमारे १७ लाख लोकांना दहा वर्षांच्या कायदेशीर वास्तव्याचा आणि कामाचा मार्ग खुला केला. त्या वेळचे अध्यक्ष इव्हान दुके हे काही डाव्या विचारांचे नव्हते. त्यांचा हिशोब सरळ होता: माणसं इथे आहेतच, ती लपूनछपून राहण्यापेक्षा नोंदलेली असलेली बरी. युगांडात १५ लाखांहून जास्त निर्वासित आहेत. तिथला २००६ चा कायदा त्यांना काम करण्याचा आणि देशात फिरण्याचा हक्क देतो, आणि वसाहतींमध्ये कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. ते चित्र गोड नाही. तुकडे लहान होत गेलेत, मदतीचं धान्य पुन्हा पुन्हा कापलं गेलंय, कारण पैसे देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला. पण निदान माणसाच्या हातात कुदळ आहे.

याच्या उलट केनियातलं दादाब. १९९१ मध्ये सोमालियातून पळून आलेल्यांसाठी उभारलेली छावणी, साधारण ९० हजार लोकांसाठी. २०११ च्या दुष्काळात तिथे चार लाखांहून जास्त लोक होते. तिथे जन्मलेल्यांची मुलं तिथेच जन्मली आहेत. छावणीबाहेर पडायला परवाना, काम करायला परवाना, आणि परवाना सहसा मिळत नाही. बांगलादेशात कॉक्स बझारला २०१७ च्या ऑगस्टनंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या आले. दाटीवाटीने वसलेल्या गरीब देशाने एवढ्या माणसांना जागा दिली याबद्दल मला आदरच वाटतो. पण तिथेही त्यांना रीतसर नोकरी करता येत नाही, कारण सगळा कारभार ते उद्या परत जाणार आहेत असं धरून चाललाय. असं भिजत घोंगडं ठेवलं की त्यातून काय निघतं? दलाल निघतात, मानवी तस्करी निघते, पोरींची लहानपणीच लग्नं लावली जातात, आणि तरुण पोरं रात्री होडीत बसतात.

गरीब देश म्हटलं म्हणून एक आकडा सांगून टाकते. २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं घरातून उखडली गेली होती. त्यातली निम्म्याहून अधिक आपापल्या देशातच विस्थापित आहेत. जी सीमा ओलांडतात त्यांतली बहुतेक शेजारच्याच देशात थांबतात. जगातल्या जवळपास तीन चतुर्थांश निर्वासितांना गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांनी सांभाळलं आहे. त्यामुळे सगळं जग श्रीमंत देशांच्याच दाराशी आलंय ही ओरड खोटी आहे.

तरीही तिथल्या स्थानिकांच्या तक्रारीला मी वर्णद्वेष म्हणून उडवून लावणार नाही. घरं कमी असतात, शाळेत जागा नसते, आणि सगळे लोक एकाच गरीब वस्तीत आणून टाकले तर भार तिथल्याच माणसांवर पडतो. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हटलं, तेव्हा ब्रिटनमधल्या लेस्टरच्या नगर परिषदेने चक्क युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्याकडे घरं, शाळा, दवाखाने भरलेत, तुमच्याच हितासाठी येऊ नका. लोक आलेच. पण त्यांना पहिल्या दिवसापासून काम करता येत होतं. गिरण्यांत, कारखान्यांत लागले, मग दुकानं टाकली, आणि आज लेस्टर ओळखलं जातं ते त्यांच्या बाजारपेठांसाठी. मजुरीवर काय परिणाम होतो याबद्दल अर्थतज्ज्ञांचं एकमत नाही. १९८० मध्ये काही महिन्यांत सव्वा लाख क्यूबन मायामीला आले, त्याचा अभ्यास करून डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये लिहिलं की स्थानिकांच्या पगारावर जवळपास काहीच परिणाम दिसत नाही. नंतर जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे वेगळ्या पद्धतीने मांडून सांगितलं की शाळा अर्धवट सोडलेल्या कामगारांना फटका बसला. मला दोन्ही शक्य वाटतं. म्हणूनच ज्या गावात माणसं पाठवता तिथे शाळा आणि घरांचा पैसाही सोबत पाठवा, हे सरकारांना सांगायला हवं.

आणि हो, 'नाही' हेही उत्तर आहे. ज्याला छळाची खरी भीती नाही, ज्याची बाजू नीट ऐकली, वकील मिळाला, अपील झालं, त्याला परत पाठवण्याचा देशाला हक्क आहे असं मी मानते. हे लिहिल्याबद्दल माझे काही मित्र रागावतील. पण सहा महिन्यांत मिळालेलं 'नाही' माणूस पचवतो, दुसरी वाट शोधतो. सहा वर्षांनी, मुलं तिथलीच भाषा बोलायला लागल्यावर आलेलं 'नाही' त्याला मुळापासून उपटतं. अट एकच. जिथे जीवाला धोका आहे तिथे कुणालाही परत ढकलायचं नाही. १९५१ च्या निर्वासित कराराच्या ३३ व्या कलमात हे लिहिलंय, आणि सुमारे दीडशे देश या करारात किंवा त्याच्या १९६७ च्या पूरक करारात सामील आहेत. त्याच कराराचं १७ वं कलम निर्वासितांच्या नोकरीच्या हक्काबद्दल आहे. त्याची आठवण मात्र फार कमी जणांना होते.

शंभर वर्षांपूर्वी हे लोकांना जास्त कळत होतं असं वाटतं कधीकधी. रशियन क्रांतीनंतर लाखो माणसं देशाविना उरली, तेव्हा १९२२ मध्ये राष्ट्रसंघाचे (आजच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या आधीच्या संघटनेचे) निर्वासित उच्चायुक्त फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी एक साधा कागद काढला. त्यावर चिकटवायच्या तिकिटावर नान्सेन यांचाच चेहरा असायचा. पन्नासएक देशांनी तो मानला. ज्या देशात काम आहे तिथे जाता यावं एवढाच त्याचा उपयोग, आणि तोच मोठा. काही वर्षं तर निर्वासितांना रोजगार मिळवून देण्याचं काम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडेच सोपवलं होतं. निर्वासित म्हणजे आधी कामकरी माणूस, हे त्यात गृहीत होतं.

माझा तो मित्र आता रेल्वेच्या विद्युत यंत्रणेवर काम करतो. त्याच्या अलेप्पोतल्या बारा वर्षांच्या अनुभवाला तिथे प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून आधी तीन वर्षं हाताखालचा माणूस म्हणून केबली ओढल्या, मग परीक्षा दिली. मुलगी माझ्यापेक्षा सफाईदार जर्मन बोलते. ८ डिसेंबर २०२४ ला असद यांची सत्ता कोसळली तेव्हा तो फोनवर रडला. दुसऱ्याच दिवशी जर्मनीने सीरियाच्या लोकांच्या आश्रय अर्जांवरचे निर्णय थांबवले. त्याचा मावसभाऊ २०२३ मध्ये आलाय, सुतार आहे, त्याचा अर्ज त्या थांबवलेल्यांत अडकला. २०२५ च्या वसंतात मित्राने मला त्या भावाला आलेल्या एका पत्राचा फोटो पाठवला. त्याला स्वतःला वाचता येतं, पण आपल्या नजरेतून काही सुटलं असेल तर बघ म्हणाला. मी पत्र दोनदा वाचलं. अर्ज प्रलंबित आहे, पत्ता बदलल्यास कळवावं, असं लिहिलं होतं. मी तारीख शोधत होते. तारीख कुठेच नव्हती.