मेलेल्या माणसांचे फोटो काढून मिळतील

हल्ली जो तो गळा काढतोय की एआय आलं आणि फोटोवरचा विश्वास उडाला. अहो, बसला कधी होता उडायला? खोट्या फोटोंचा धंदा टाकायचाच असेल तर कम्प्युटर राहू द्या बाजूला, १८६० च्या दशकातल्या बॉस्टनमध्ये विल्यम मम्लरकडे शिकवणी लावा.

हा गडी मूळचा दागिन्यांवर कोरीवकाम करणारा, फोटो आपले हौसेखातर. एकदा स्वतःचाच फोटो काढला तर सोबत एक पुसट मुलगी उमटली. आता तुम्हीआम्ही म्हटलं असतं, काच नीट धुतली नव्हती, कारण तेव्हा फोटो काचेवर निघायचे आणि जुनी काच अर्धवट साफ करून वापरली की आधीचा माणूस मागून डोकवायचा. पण असलं खरं बोलून पोट भरत नाही. ही आपली वारलेली बहीण म्हणायचं, चुलत का मावस ते नंतर बघू, आणि रेट वाढवायचा. मम्लर दहा डॉलरपर्यंत घ्यायचा.

टायमिंग मात्र साधा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, त्यात सहा लाखांवर माणसं गेली, घरोघरी कुणीतरी रडतंय. अशा गिऱ्हाइकापुढे भुताचा चेहरा चुकूनही स्पष्ट काढू नका. धुरकट ठेवा, नाकडोळे आई स्वतःच भरते.

बॉस्टनमधली काही भुतं जिवंत सापडली, रस्त्यावर चक्क हिंडताना! काही हरकत नाही, गाव बदला. मम्लर न्यूयॉर्कला गेला, तिथे १८६९ मध्ये फसवणुकीची केस झाली आणि त्याच्याविरुद्ध साक्षीला कोण, तर पी. टी. बार्नम. माकडाचं धड माशाच्या शेपटीला जोडून जलपरी म्हणून तिकीट लावणारा तो हाच. त्याने दुसऱ्या फोटोग्राफरकडून स्वतःच्या मागे लिंकनचं भूत काढून आणलं होतं, हे बघा किती सोपंय म्हणून. तरी मम्लर सुटला. जज म्हणाले, मला स्वतःला यात लबाडी वाटते, पण ती सिद्ध झालेली नाही. पुढे खुद्द लिंकनच्या बायकोने त्याच्याकडे फोटो काढून घेतला, तिच्या खांद्यावर हात ठेवून नवरा उभा. याहून मोठी जाहिरात कुठली?

पण खरं शिकायचं ते पॅरिसच्या ब्युगे नावाच्या फोटोग्राफरकडून. याच्या दुकानात आधी गिऱ्हाइकाला गप्पांत गुंतवायचे, कोण गेलं, म्हातारं होतं का तरुण, दाढी होती का, मग आत त्या मापाचं भूत तयार. १८७५ मध्ये पोलिसांनी धाड घातली तेव्हा बाहुल्या आणि मुंडक्यांचा ढीगच मिळाला, ब्युगेने सगळं कबूल केलं, कोर्टात ती मुंडकी मांडून दाखवली. आणि गिऱ्हाइकं? साक्षीला उभी राहून सांगतायत की नाही साहेब, आमचा माणूस आम्ही ओळखणार नाही का! आरोपी म्हणतोय मी फसवलं आणि फसलेले म्हणतायत छे छे, काहीतरीच काय. असे ग्राहक मिळाले की वकिलाचा खर्चसुद्धा वाचतो.

वाचतो म्हणजे, ब्युगेला एक वर्षाची कैद आणि ५०० फ्रँक दंड झालाच. पण त्यानेही घाबरायचं नाही. नंतर याच पठ्ठ्याने भुताटकीविरोधी फोटोग्राफर अशी पाटी लावली आणि तीच भुतं, खोटी आहेत असं उघड सांगून, विकायला काढली.